'जाण्याचा निश्चय' आणि 'जिंकण्याची आशा'



इंग्रजीत भाषांतर करताना मोठे शब्द आपणांस फारसे अडवीत नाहीत. ते कोशात सापडतात. अडवितात ते 'टु', 'ऑफ', 'माय', 'हिज' यांसारखे चिमुकले शब्द. त्यांतील एकाने जागा बदलली की काय होते, याचा एक अनुभव आरंभीच सांगतो.

आमच्या एका विद्यार्थ्याचे थोरले बंधू पुण्यास नोकरीस होते. धाकट्याने आपणांस इंग्रजीतच पत्र लिहावे, असा त्यांचा नियम. परीक्षेची फी भरण्याची वेळ आली तेव्हा काकांनी 'मीच भरणार' असा हट्ट धरला आणि ती भरलीही. मुलाने मोठ्या आनंदाने बंधूंना कळविले : 'अंकल इन्सिस्टेड ऑन माय पेइंग द फी.' त्याच्या मनात 'माझी फी' होती; परंतु 'माय' हा शब्द 'फी'च्या मागे न बसता 'पेइंग'च्या मागे जाऊन बसला. बंधूंनी वाक्याचा सरळ अर्थ घेतला : 'फी मीच भरावी असा काकांनी आग्रह धरला.' त्यांनी तत्काळ पैसे धाडले, आणि त्याबरोबर काकांना चार कठोर ओळीही. पोरक्या पुतण्याकडून फी भरवून घेणारा काका, असा ठपका त्या बिचाऱ्या गृहस्थांच्या माथी आला. पुढे उलगडा झाला खरा. परंतु काकांच्या मनातील सल जाण्यास बरेच दिवस लागले. मुलास लिहावयाचे होते ते एवढेच : 'अंकल इन्सिस्टेड ऑन पेइंग माय फी.'

या दोन वाक्यांत नियम सामावलेला आहे. 'पेइंग' हे धातूपासून झालेले नाम. इंग्रजीत त्यास जिरंड म्हणतात. त्याच्या मागे कोणी नसेल, तर ती क्रिया वाक्याच्या कर्त्याची समजावी. मागे षष्ठी असेल, तर जो षष्ठीत आहे त्याची. 'आय ॲम शुअर ऑफ पासिंग' म्हणजे मी उत्तीर्ण होणार. 'आय ॲम शुअर ऑफ हिज पासिंग' म्हणजे तो. मराठीत अशा वेळी आपण वाक्यच बदलतो. 'पैसे देण्याचा आग्रह' आणि 'मी पैसे द्यावेत असा आग्रह' यांत घोटाळा होण्यास जागा नाही. इंग्रजीस ते सगळे काम एका 'माय'वर भागवावे लागते.

वास्तविक षष्ठी आणि जिरंड ही जोडी आपणांस परकी वाटू नये. 'त्याचे उशिरा येणे गुरुजींना आवडले नाही' हे वाक्य पाहा. 'हिज कमिंग लेट' आणि 'त्याचे उशिरा येणे' या जणू सख्ख्या बहिणी. इतकेच नव्हे, तर 'त्याचे पत्र लिहिणे' यात 'पत्र' हे कर्म जसे प्रत्ययावाचून राहते, तसेच ते 'हिज रायटिंग द लेटर' यातही राहते. दोन्ही भाषांत हे नाम आपल्या मूळ क्रियापदाचा स्वभाव विसरत नाही.

साम्य येथे संपते. एखादे भाववाचक नाम घेऊन त्यास क्रिया जोडावयाची असेल, तर मराठीचा मार्ग बहुधा एकच : '-ण्याचा'. जाण्याचा निश्चय, जिंकण्याची आशा, खोटे बोलण्याची सवय, पोहण्याचा प्रयत्न. आम्हा माळव्यातील मंडळींच्या कानांवर घराबाहेर हिंदी पडते. पण तीही येथे साह्य करीत नाही, कारण 'जाने का निश्चय' आणि 'जीतने की आशा' यांतही एकच 'का-की' आहे. इंग्रजीत मात्र दोन वाटा फुटतात. 'हिज डिसिजन टु गो', पण 'हिज होप ऑफ विनिंग'. 'हिज अटेम्प्ट टु स्विम', पण 'हिज हॅबिट ऑफ टेलिंग लाइज'. उत्तरपत्रिकांत 'हिज डिसिजन ऑफ गोइंग' आणि 'हिज हॅबिट टु टेल लाइज' ही रूपे आम्हांस दरवर्षी भेटतात. त्या चुकांच्या मुळाशी आपला हा 'चा' आहे.

मग कोणती वाट केव्हा धरावी? पुष्कळ ठिकाणी नामाचे कूळ पाहिले म्हणजे उत्तर मिळते. 'डिसाइड', 'रिफ्यूज', 'प्रॉमिस', 'अटेम्प्ट' या क्रियापदांना 'टु' लागतो. म्हणून 'डिसिजन', 'रिफ्यूजल', 'प्रॉमिस', 'अटेम्प्ट' या नामांनाही 'टु'च. 'एबल टु' वरून 'अबिलिटी टु', 'विलिंग टु' वरून 'विलिंगनेस टु'. उलट 'अफ्रेड ऑफ' वरून 'फिअर ऑफ', 'सक्सीड इन' वरून 'सक्सेस इन', आणि त्यांच्यापुढे जिरंड. पण कुळावर सर्वस्वी विसंबू नये. 'आय होप टु पास' असे म्हणणारा इंग्रजही नाम वापरताना 'माय होप ऑफ पासिंग' असेच म्हणतो. 'इन्टेन्शन' तर दोन्ही वाटांनी जाते. भाषा ही व्याकरणकारांना विचारून वाढत नाही, त्यास इलाज नाही.

काही नामांना दोन्ही वाटा मोकळ्या असतात, परंतु अर्थ निराळा होतो. 'हिज चान्स टु विन' म्हणजे जिंकण्याची संधी. 'हिज चान्स ऑफ विनिंग' म्हणजे बहुधा जिंकण्याचा संभव. संधी असून संभव नसणे ही गोष्ट परीक्षेस बसणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही!

आणखी एक खाचखळगा 'टु'मध्येच आहे. 'हिज राइट टु व्होट' यातील 'टु' धातूचा. 'हिज ऑब्जेक्शन टु व्होटिंग' यातील 'टु' हे शब्दयोगी अव्यय. दिसण्यात भेद नाही. ओळखण्याची पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडणारी खूण अशी की, त्या 'टु'पुढे साधे नाम ठेवून पाहावे. 'ऑब्जेक्शन टु द प्लॅन' हे बरोबर जुळते, म्हणून क्रिया आली तर ती जिरंडाच्या वेषात यावयास हवी. 'डिसिजन टु द प्लॅन' असे म्हणता येत नाही, म्हणून तेथे धातूच.

आता आम्हांस सर्वांत मनोरंजक वाटणारा प्रश्न. नामामागे षष्ठी आहे आणि पुढे 'टु' आहे, तर ती क्रिया करणार कोण? 'माय फादर्स डिसिजन टु गो' यात जाणार वडील. 'माय फादर्स परमिशन टु गो' यात वडील घरीच, जाणार आपण. शब्दांची ठेवण तीच, एक नाम बदलले आणि प्रवासी बदलला. निश्चय, वचन, नकार, प्रयत्न ही ज्याची त्याने करावयाची कृत्ये. तेथे षष्ठीतील मनुष्यच कर्ता. आज्ञा, परवानगी, सल्ला ही दुसऱ्यास द्यावयाची; तेथे कर्ता ती घेणारा. 'रिक्वेस्ट' हा शब्द तर याहून गमतीचा. 'द गेस्ट्स रिक्वेस्ट टु स्टे' म्हणजे पाहुणा राहू देण्याची विनंती करतो. 'द होस्ट्स रिक्वेस्ट टु स्टे' म्हणजे यजमान राहण्याची विनंती करतो. षष्ठी कोणाचीही असो, मुक्काम पाहुण्याचाच! हे व्याकरणाने ठरत नाही, व्यवहाराने ठरते. संशय राहील असे वाटले तर 'फॉर' घालून कर्ता उघड करावा : 'माय फादर्स परमिशन फॉर मी टु गो'.

शेवटी एका जुन्या वादाविषयी. 'आय डिसलाइक हिज कमिंग लेट' की 'हिम कमिंग लेट'? एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी प्रयोगकोशात 'हिम कमिंग' या रचनेवर कडक टीका केली. ओटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणपंडितांनी तिची बाजू घेतली आणि ती चांगल्या लेखकांतही आढळते, असे दाखविले. आज दोन्ही रूपे प्रचारात आहेत. बोलण्यात 'हिम' अधिक, औपचारिक लेखनात 'हिज'. विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेत 'हिज' लिहावे, हे आमचे मत. मात्र निर्जीव वस्तूंस षष्ठीची सक्ती करू नये : 'द चान्स ऑफ द ट्रेन बीइंग लेट' हेच कानास बरे लागते. आणि 'आय सॉ हिम कमिंग' येथे 'हिज' मुळीच चालणार नाही. कारण आपण पाहिला तो येणारा मनुष्य, आणि 'कमिंग' हे तेथे त्याचे विशेषण आहे.

पुढील वाक्यांचे इंग्रजी करून आपापल्या शिक्षकांस दाखवावे. आईला माझे पुरात पोहणे मान्य नव्हते. डॉक्टरांचा विश्रांती घेण्याचा सल्ला त्याने ऐकला नाही. तिचा खरे बोलण्याचा निश्चय ढळला नाही. त्यांच्या येथे राहण्यास आमची हरकत नाही. काकांनी माझी फी भरण्याचा आग्रह धरला.