अळंबी ताटात बरी, कॅप्सूल कशाला?

पाऊस धरला की वसईच्या बाजारात आदिवासी बायका रानअळंबीचे वाटे लावून बसतात. त्याच सुमारास गिरीज-निर्मळकडचे वाचक विचारतात, की अळंबीच्या अर्काच्या कॅप्सूलने प्रतिकारशक्ती वाढते का? डबीवर ठळक नाव असतं बीटा-ग्लुकॅनचं. अळंबी ही बुरशीच, आणि तिच्या पेशींची भिंत मुख्यतः बीटा-ग्लुकॅन आणि कायटिन या शर्करांच्या लांब साखळ्यांनी विणलेली असते. आपल्या पेशींना भिंतच नसते, त्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशी बीटा-ग्लुकॅन परकं म्हणून ओळखतात आणि सावध होतात. इथवर जाहिरात खरी आहे. पण प्रयोगशाळेतल्या पेशी सावध झाल्या म्हणजे माणसाची सर्दी टळली, असं होत नाही. जपानमध्ये शिताके अळंबीतलं लेंटिनन पोटाच्या कर्करोगात वापरलं गेलं, पण केमोथेरपीच्या जोडीने आणि शिरेतून. कोणी म्हणेल, अळंबीतूनच काढलेलं क्रेस्टिन तर तोंडानेच देत. बरोबर, पण तेही शुद्ध केलेलं औषध होतं, ठरलेल्या मात्रेत, कर्करोगाच्या रुग्णांसाठी. धडधाकट माणसाने त्यावरून काय घ्यायचं?

‘बीटा-ग्लुकॅनने कोलेस्टेरॉल उतरतं’ हा दावाही असाच उसना. तो पुरावा ओट्स आणि जवाचा, रोज साधारण ३ ग्रॅमचा. अळंबीतल्या साखळीची जोडणी वेगळी असते. सगळ्या बुरशींच्या भिंतीही सारख्या नसतात. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराच्या रुग्णांसाठी महाराष्ट्रभर अँफोटेरिसिन या औषधाची शोधाशोध झाली. बीटा-ग्लुकॅन बनणं रोखणारं कॅस्पोफंजिन तिथे भरवशाचं नव्हतं, कारण म्युकरच्या भिंतीत कायटिन-कायटोसान जास्त आणि बीटा-ग्लुकॅन अगदी थोडं.

‘अपाय तर नाही ना?’ बहुतेकांना नसेल, खिशाला सोडून. मात्र मूत्रपिंड बदललेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. बाकीच्यांनी अळंबी भाजी म्हणून खुशाल खावी. तिच्या भिंतीचा बराच भाग आपल्याला पचत नाही, म्हणजे चोथा आयताच मिळतो. फक्त नीट शिजवा, आणि रानातली असेल तर पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्याकडूनच घ्या. चांदीचं नाणं किंवा लसूण काळा पडतो का, या परीक्षेवर विसंबू नका. काही जहाल विषं शिजवूनही जात नाहीत. जेवणानंतर सहा-बारा तासांनी उलट्या-जुलाब सुरू झाले, तर मध्ये बरं वाटलं तरी घरी थांबू नका, कारण यकृताची हानी त्यानंतर दिसते. रुग्णालयात जाताना उरलेली अळंबी सोबत न्या.