रंगाच्या आधी वायरिंग

चि. मुग्धा,

हिंदू कॉलनीतल्या तुझ्या फ्लॅटचे फोटो पाहिले. १९३०-४०च्या सुमारास बांधलेल्या दादरच्या घरांची ती गोलाई, मोझेकची जमीन, सागवानी दारं. सगळं जपण्यासारखं आहे. म्हणूनच सांगतो, रंगारी बोलावण्याआधी वायरमन बोलाव, आणि काम अर्धंमुर्धं करू नकोस.

बेडरूमच्या भिंतीवर लाकडी पट्टी दिसते. तिच्यात बहुधा सुती विणीची जुनी रबरी वायर असेल. ते रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतं. वायर जराशी वाकवली की आवरणाचे तुकडे हातात येतात आणि तांबं उघडं पडतं. हात लावला नाही तोवर ती चालते, म्हणून लोक 'चालतंय की' म्हणत राहतात. नवं बटण बसवायला तीच वायर ओढली की खेळ संपला. तेव्हा नुसते स्विच बदलून समाधान मानू नकोस.

माझा सगळा जीव अर्थिंगपाशी अडकलाय. अशा घरांत दिव्या-पंख्यांना दोनच वायरी असतात, आणि स्वयंपाकघरातल्या १५ अँपिअरच्या प्लगची तिसरी वायर पुष्कळदा नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असते. पुढे कुणी प्लॅस्टिकचे पाइप टाकले की अर्थिंग गेलं, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. मग फ्रिजच्या पत्र्यात करंट उतरला तर कुणाचा तरी ओला हात लागेपर्यंत तो तिथेच दबा धरून बसतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेट, मीटरपाशी इमारतीचं अर्थिंग खरोखर आहे का ते तपासून घे, आणि तिथून तुझ्या बोर्डापर्यंत नवी वायर आण.

मग करंट गळताच वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसव. पण जुन्या पद्धतीने एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्याला जोडला, तर तो सारखा ट्रिप होईल आणि वैतागून कुणीतरी त्याला बायपास करेल. ते अजिबात होऊ देऊ नकोस. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा हवा.

वायर दिव्यांना दीड, प्लगला अडीच, एसी-गीझरला चार स्क्वेअर एमएम, आयएसआय मार्कची. तीन किलोवॉटचा गीझर एकटाच १३ अँपिअर ओढतो. त्यासाठी लोड वाढवायचा अर्ज परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडूनच बेस्टकडे जाऊ दे.

वायरसाठी कॉलम-बीमला झिरी मारू देऊ नकोस. त्या काळच्या आरसीसीतली सळई आधीच गंजत असते. विटांच्या भिंतीत झिरी सरळ उभी घ्यायची, तिरकी नाही. गरज पडली तर पट्टी भिंतीवरूनच जाऊ दे. या घराला ती शोभतेही. बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेव.

झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक सर्किट इन्सुलेशन मोजणाऱ्या ५०० व्होल्टच्या मेगरने तपासून घे. नव्या वायरचं रीडिंग १ मेगाओहमच्या कितीतरी वर यायला हवं. आकडे मला फोनवर कळव, प्लॅस्टर त्यानंतर.

तुझा,
मामा