मंडळीबाहेरचा वाचक

चि. भाचीस,


तुझी कथा मिळाली. विहिरीवरचं भांडण झकास जमलंय. मग शेवटी पाळकसाहेब येतात, दीड पान बोलतात आणि सगळी माणसं एका दमात शहाणी होतात. तिथे कथा थांबते नि प्रवचन सुरू होतं. ही खोड आपल्या मराठी ख्रिस्ती लेखनात जुनी आहे, बाबा पदमनजींपासूनची. त्यांचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून गणलं जाणारं. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, विधवांची दुःखं ऐकते. ती पानं अजूनही धरून ठेवतात. उपदेश सुरू झाला की वाचकाचा हात पुढचं पान शोधू लागतो.

याउलट लक्ष्मीबाई टिळक. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. त्यांची आत्मकथा ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपात आली. त्यांच्या नवऱ्याने, नारायण वामन टिळकांनी, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बायको मागे राहिली, काही वर्षं वेगळी. पुढे तीही ख्रिस्ती झाली. दुसऱ्या कोणी या जागी आकाशातून प्रकाश पाडला असता. लक्ष्मीबाई काय सांगतात? मीठसुद्धा धुऊन घ्यायला लावणाऱ्या वडिलांचं सोवळं, नवऱ्याकडे परतल्यावरही आपण वेगळी मांडलेली चूल, आपला संताप, टिळकांचा तापटपणा आणि पैशांबाबतचा त्यांचा भोळेपणा. हे सगळं हसत हसत. पालट होतो, पण हळूहळू, घरातल्या भांड्याकुंड्यांतून. टिळकांना त्यांनी देव्हाऱ्यात बसवलं नाही, म्हणून ते माणूस वाटतात आणि त्यांची श्रद्धाही खरी वाटते. चर्चची पायरी कधी न चढलेल्या घरांतही हे पुस्तक आवडीने वाचलं जातं ते यामुळेच.

तुझी भाषा अधूनमधून उपासनेतल्या पुस्तकासारखी होते. विहिरीवरची बाई तशी बोलत नाही. फादर थॉमस स्टीफन्स तर जन्माने इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट. पण ख्रिस्ताची कथा सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी इथली ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन अक्षरांत. ओव्या जवळजवळ अकरा हजार! परक्या माणसाने एवढा कान लावला, तर जन्मापासून मराठी ऐकणाऱ्या तुला सवलत कशी द्यायची?

आणि विषय फक्त नाताळ-ईस्टरचे नकोत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईत ‘सुवार्ता’ मासिक चालवत होते, त्याच काळात वसईची हिरवाई वाचवण्यासाठी रस्त्यावरही उतरले होते. धर्म, पाणी, वाड्या, बिल्डर हे त्यांच्या लेखणीला वेगळे कप्पे वाटले नाहीत. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

तेव्हा आता एवढं कर. पाळकसाहेबांचं भाषण काढून टाक. ते आले तर बादली धरू देत. भांडणात तुझ्या नायिकेचीही थोडी चूक असू दे, सध्या ती फारच सोज्ज्वळ आहे. मग ते हस्तलिखित शेजारच्या एखाद्या हिंदू किंवा मुसलमान मैत्रिणीला वाचायला दे आणि कुठे कंटाळा आला तेवढंच विचार. मंडळीतले लोक कौतुकच करतील, त्यांच्यावर विसंबू नकोस. नवा खर्डा झाला की पाठव.

तुझा,
मामा