निद्रा, श्वास आणि वायूचा दाब

घोरणे ही गाढ झोपेची खूण होय, अशी समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. दिवसभर राबलेला मनुष्य रात्री घोरू लागला, की घरची माणसे समाधानाने म्हणतात, ‘बिचाऱ्याला शांत झोप लागली.’ वस्तुतः पुष्कळदा स्थिती याच्या उलट असते. मोठ्याने चाललेले घोरणे एकाएकी थांबते, दहा-वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक काळ काहीच ऐकू येत नाही, आणि मग एक मोठा हुंदका देऊन श्वास पुन्हा सुरू होतो. असे एका तासात तीस-चाळीस वेळा घडत असेल, तर तो मनुष्य झोपलेला दिसला तरी त्याला विश्रांती मिळत नसते. सकाळी त्याचे डोके जड असते, दुपारी कामावर डुलकी येते आणि वाहन चालविताना लागलेली डुलकी तर प्राणावर बेतू शकते. या विकारास निद्राश्वासरोध किंवा स्लीप ॲप्निया असे म्हणतात.

विकाराचे मूळ

जिभेच्या मागील बाजूस घशाचा जो भाग असतो, त्याला नाकाप्रमाणे हाडांचा अथवा श्वासनलिकेप्रमाणे कूर्चेच्या कड्यांचा आधार नसतो. जागेपणी स्नायू त्याला ताणून मोकळा ठेवतात. झोपेत हे स्नायू शिथिल होतात. मान जाड असल्यास, जबडा लहान असल्यास, शरीराचे वजन वाढलेले असल्यास किंवा टॉन्सिल मोठे असल्यास हा मार्ग आधीच अरुंद झालेला असतो. श्वास आत ओढताना निर्माण होणाऱ्या शोषणाने त्याच्या भिंती एकमेकींना चिकटतात. छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू कमी होतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताणले जातात आणि मार्ग उघडतो. या जागृतीची आठवण सकाळी राहत नाही.

श्वास पूर्ण किंवा अंशतः अडण्याचे प्रसंग तासाला सरासरी किती घडतात, यावरून प्रौढांमधील विकाराची तीव्रता ठरवितात. पाचपेक्षा कमी प्रसंग सामान्य समजले जातात. पाच ते पंधरा हा सौम्य, पंधरा ते तीस हा मध्यम आणि तिसाच्या वर तीव्र विकार होय.

उपायाचा शोध

तीव्र विकारावर एके काळी गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसविणे हाच खात्रीचा उपाय होता. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन या वैद्यकाने निराळा मार्ग धरला. घशाच्या भिंती शोषणाने मिटत असतील, तर नाकावाटे किंचित अधिक दाबाची हवा सतत सोडून त्या आतून सावरून धराव्यात, असा त्यांचा विचार होता. १९८१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध झाला. हेच तंत्र आज सीपॅप या नावाने ओळखले जाते.

या यंत्राने फुप्फुसांत हवा कोंबली जाते, असा गैरसमज आढळतो. श्वास रुग्ण स्वतःच घेतो. यंत्र केवळ मार्ग उघडा ठेवते. दाब पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. घरगुती यंत्रे साधारणपणे ४ ते २० सेंटिमीटर दाब देतात. वातावरणाचा दाब या मापात सुमारे १०३३ सेंटिमीटर भरतो, म्हणजे १० सेंटिमीटर हा त्याचा जेमतेम शंभरावा भाग होय. एवढासा दाब घशाच्या मऊ भिंतींना पुरतो.

योग्य दाबाची निश्चिती

कोणास किती दाब लागेल, हे केवळ वजन किंवा वय पाहून सांगता येत नाही. पूर्वापार पद्धतीत रुग्णास एक रात्र निद्रा-प्रयोगशाळेत झोपवितात. मेंदूच्या लहरी, छातीची हालचाल, हवेचा प्रवाह व प्राणवायू यांची नोंद होत असताना ४ सेंटिमीटरपासून आरंभ करून, प्रत्येक पायरीवर निदान काही मिनिटे थांबत, दाब वाढवीत नेतात. श्वास अडणे, प्राणवायू घटणे व घोरणे ज्या दाबाला थांबते, तो योग्य दाब. उताणे झोपले असता आणि स्वप्नांच्या निद्रेत मार्ग सर्वांत सहज मिटतो. म्हणून या दोन्ही अवस्थांत तो दाब पुरा पडतो की नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.

दुसऱ्या प्रकारची यंत्रे श्वासाच्या प्रवाहावरून दाब आपोआप कमीजास्त करतात. त्यांना केवळ किमान व कमाल अशा दोन मर्यादा द्याव्या लागतात. पुष्कळदा हे यंत्र ४ ते २० अशा पूर्ण मोकळ्या मर्यादांवरच ठेवलेले आढळते. दिसायला ही व्यवस्था निर्दोष वाटते, परंतु तीत एक उणीव राहते. एखाद्यास खरोखर १० सेंटिमीटरची गरज असेल, तर यंत्र ४ वरून तेथवर चढेपर्यंत श्वास अनेकदा अडून जातो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. यंत्राच्या नोंदीत तासाला नऊ प्रसंग दिसतात, त्यांतील बहुतेक मार्ग मिटल्याने घडलेले आहेत, गळती अल्प आहे आणि रात्रीचा शेकडा पंच्याण्णव वेळ दाब ११ च्या वर गेलेला नाही. अशा वेळी वैद्य कमाल मर्यादेस हात न लावता किमान दाब ४ वरून टप्प्याटप्प्याने ७ किंवा ८ पर्यंत नेतात. आधार आरंभापासूनच मिळाल्याने प्रसंग पाचाच्या खाली येणे शक्य होते. मात्र प्रत्येक बदलानंतर काही रात्री थांबून नोंद पाहावी लागते. एका रात्रीच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. एकाच वेळी दोन-तीन गोष्टी बदलल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

गळतीचा विचार आधी

दाबाला हात लावण्यापूर्वी मुखवटा तपासावा, हा या उपचारातील पहिला नियम होय. हवा कडेने किंवा उघड्या तोंडातून निसटत असेल, तर घशापर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही आणि यंत्राची नोंदही विश्वासार्ह राहत नाही. तेव्हा दाब वाढविल्यास गळती आणखीच वाढते. मुखवटा बसून नव्हे, तर आडवे होऊन व यंत्र चालू ठेवून बसवावा. पट्टे अति आवळल्याने गादी चुरगळते व हवा अधिकच निसटते. तोंड उघडे पडत असेल, तर नाक व तोंड दोन्ही झाकणारा मुखवटा उपयोगी पडतो.

सुसह्यतेच्या योजना

झोप लागेपर्यंत दाब कमी ठेवून हळूहळू वाढविण्याची सोय यंत्रात असते. नवशिक्यास तिचा आधार वाटतो. उच्छ्वासाच्या वेळी दाब एक ते तीन सेंटिमीटर उतरविण्याची सोयही काही यंत्रांत असते. मात्र या उतारामुळे श्वास पुन्हा अडू लागल्यास मूळ दाब वाढवावा लागतो.

नाक कोरडे पडणे किंवा चोंदणे ही नेहमीची तक्रार हवेतील आर्द्रता वाढविल्याने बरीच कमी होते. त्यासाठी शुद्ध केलेले, क्षाररहित पाणी वापरावे, कारण विहिरीच्या जड पाण्याने पात्रात क्षार साचतात. उत्तरेकडील कडाक्याच्या थंडीत नळीत पाणी जमून गुळगुळ आवाज येतो. नळी पांघरुणाखालून नेल्यास हा त्रास कमी होतो. धुळीच्या प्रदेशात हवेची गाळणी वरचेवर पाहावी. वीज खंडित होत असेल तेथे घटमालेची सोय करावी. अशा वेळी आर्द्रतेची उष्णता बंद ठेवल्यास विजेची मोठी बचत होते.

सावधगिरीची मर्यादा

दाब जितका अधिक तितका गुण अधिक, असे नाही. दाब गरजेपेक्षा वाढल्यास पोटात हवा जाते, झोप मोडते आणि काही रुग्णांत निराळ्याच प्रकारचा श्वासरोध उद्भवतो. त्यात मार्ग उघडा असूनही मेंदूकडून श्वासाची आज्ञाच येत नाही. यंत्राच्या नोंदीत असे प्रसंग वेगळे दाखविलेले असतात. ते वाढत असतील, तर दाब आणखी चढविणे हा उपाय नव्हे. हृदय दुर्बल झालेल्यांनी विशेष जपावे. अशा श्वासरोधासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रगत यंत्रपद्धतीने हृदयाची आकुंचनशक्ती घटलेल्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण वाढल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. हृदयविकार, फुप्फुसाचा जुनाट विकार किंवा प्राणवायूची सतत कमतरता असलेल्यांनी वैद्याच्या सल्ल्याशिवाय कोणताही बदल करू नये.

वजन घटल्यास दाबाची गरज कमी होऊ शकते. ते वाढल्यास, किंवा रात्री मद्य वा झोपेची औषधे घेतल्यास, गरज वाढते. म्हणून एकदा ठरविलेला दाब कायमचा मानता येत नाही.

हा उपचार विकार मुळापासून घालवीत नाही. यंत्र लावलेल्या रात्रीपुरताच त्याचा गुण असतो. अनेक यंत्रे काही आठवड्यांतच कपाटात जातात. त्यामागे बहुधा औषधाचे अपयश नसून सैल मुखवटा, कोरडे नाक किंवा न जुळलेला दाब असतो. नोंद नीट वाचून आणि एका वेळी एकच बदल करून या अडचणी बहुतेक दूर करता येतात. यंत्रावरील आकडा पाचाच्या खाली आला, एवढ्याने काम पुरे झाले असे मात्र समजू नये. सकाळी उठताना डोके हलके वाटते का, आणि दुपारी डोळे उघडे राहतात का, ही खरी कसोटी होय. ज्याच्या हाती वाहन असते, त्याच्या बाबतीत ही कसोटी इतरांच्या प्राणांशीही निगडित असते.