सागवानाचा चौरंग: सांधा घट्ट, पण लाकूड मोकळं

व्हिडिओत आपण कुसू कसं काढायचं ते पाहिलं. मापं, कारणं आणि खर्चाचा हिशेब मात्र लिहिलेला हाताशी असलेला बरा, म्हणून हा लेख. घरच्या पडवीत किंवा मागच्या खोलीत सॉलिड लाकडाचं फर्निचर बनवून विकायचा विचार असेल, तर पहिला माल म्हणून चौरंग घ्या. तो लहान आहे, लाकूड कमी लागतं, श्रावण-भाद्रपदात मागणी असते, आणि पुढे टेबल-खुर्चीला लागणारे मुख्य सांधे त्यात शिकायला मिळतात.

आधी लाकडाचा स्वभाव ओळखा

वाळलेलं लाकूडही हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. त्यामुळे ते रुंदीत फुगतं आणि आकसतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. आपल्या वरूडकडे मे महिन्यात पारा 44-45 पर्यंत जातो आणि हवा कोरडी ठक्क होते. ऑगस्टमध्ये नेमकं उलट. त्यात भर म्हणजे उन्हाळ्यात एका खोलीत कूलरची ओली हवा आणि शेजारच्या खोलीत कोरडी झळ.

आकड्यात बघा. 18 इंची सागवानी पाटाचा ओलावा 6 टक्क्यांनी बदलला, तर तो रुंदीत साधारण 5 मिमी हलतो. फळी क्वार्टर कापाची असेल, तर जेमतेम 3 मिमी.

आता धंद्याच्या नजरेनं विचार करा. गिऱ्हाईक चौरंग घेतं भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या आधी. त्या वेळी लाकूड फुगलेलं असतं. वैशाखात ते आकसू लागतं. पाट चारही बाजूंनी खिळ्यांनी किंवा फेव्हिकॉलनं पक्का केला असेल, तर त्याला आकसायला जागाच नाही. मग तो रेषेत फाटतो, आणि फोन येतो: "भाऊ, काहून फाटलं हे?" छोट्या गावात असा एक फोन म्हणजे दहा गिऱ्हाइकं गेली.

म्हणून नियम एकच: सांगाडा घट्ट सांधायचा, पाट मोकळा ठेवायचा.

खिळा का नको?

संत्र्याच्या लाकडी पेटीला खिळे चालतात, कारण पेटीला एक हंगाम काढायचा असतो. बैलबंडीचं चाक बघा. आरे तुंब्यात कुसवानं बसवलेले, बाहेरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव थंड होताना आवळते आणि सगळं चाक जखडतं. गोंदाचा थेंब नाही, तरी वर्षानुवर्षं ओझं वाहतं. आपल्या भागातल्या सुतारांना हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

गोंदाचंही एक गणित आहे. फळीची कड कडेला चिकटवली तर तो जोड लाकडाइतकाच मजबूत होतो. पण फळीचं कापलेलं टोक नुसतं चिकटवलं तर ते टिकत नाही, कारण टोकाकडचे रेषे उघडे असतात आणि गोंद आत शोषला जातो. कुसवामुळे गोंदाला रेषेच्या बाजूचा सपाट पृष्ठभाग मिळतो. म्हणून पाय आणि पट्टीचा सांधा कुसवाचाच हवा.

सांधा 1: पाय आणि पट्टी

पाय 45 मिमी चौरस, पट्टी 3 इंच रुंद आणि 25 मिमी जाड धरू.

- कुसवाची जाडी पट्टीच्या एक तृतीयांश, म्हणजे 8 मिमी. लांबी 25 मिमी.
- वरच्या बाजूने कुसू 15 मिमी कमी ठेवा. नाहीतर पायाचं टोक फाटतं.
- आधी भोक पाडा, मग कुसू काढा. कुसू रंध्यानं किंवा पटाशीनं कमी करता येतं, भोक लहान करता येत नाही.
- प्रत्येक पायात दोन कुसवं आत एकमेकांना भेटतात. त्यांची टोकं 45 अंशांत कापा.
- कुसू हातानं दाबून आणि मोगरीच्या हलक्या ठोक्यानं बसलं पाहिजे. जोरात ठोकावं लागलं तर पाय चिरेल. आपोआप घसरत गेलं तर ढिलं आहे.

क्लॅम्प कमी असतील तर आपल्या सुतारांची जुनी युक्ती वापरा: खुंटी. पायाला 6 मिमीचं आरपार भोक पाडा. कुसवातलं भोक मात्र खांद्याच्या दिशेनं 1 मिमी सरकवून पाडा. खुंटी ठोकली की ती कुसू आत ओढते आणि सांधा कायमचा आवळला जातो.

सांधा 2: पाटाच्या फळ्या

फळ्यांच्या कडा रंध्यानं सरळ करा आणि एकमेकींवर धरून उजेडाकडे बघा. फट दिसली तर पुन्हा रंधा मारा. फट गोंदानं भरायची नसते. सागवानात तेल असतं, म्हणून रंधा मारलेल्या दिवशीच चिकटवा, आणि त्याआधी कड थिनरच्या फडक्यानं पुसून सुकू द्या.

सांधा 3: पाट सांगाड्यावर

इथेच बहुतेक जण चुकतात. पट्टीच्या आतल्या बाजूला वरच्या कडेजवळ एक खाच मारा. एल आकाराचे छोटे लाकडी तुकडे बनवा. त्यांची जीभ खाचेत बसते आणि तुकडा स्क्रूनं पाटाला खालून जोडायचा. पाट हलला की जीभ खाचेत सरकते, पण पाट उचलला जात नाही.

पाटाच्या रेषेला समांतर असलेल्या दोन पट्ट्यांवर ऋतू बघून काम करा. उन्हाळ्यात बनवत असाल तर जिभेपुढे 3 मिमी फट सोडा, कारण पाट पुढे फुगणार आहे. पावसाळ्यात बनवत असाल तर जीभ जवळजवळ पूर्ण आत घाला, कारण उन्हाळ्यात ती बाहेर येणार आहे. जीभ किमान 8 मिमी लांब ठेवा. रेषेला आडव्या दोन पट्ट्यांवर मधोमध एकेक स्क्रू पक्का लावा, म्हणजे पाट दोन्हीकडे सारखा हलतो.

लाकूड घेताना

परतवाडा मेळघाटच्या सागवानासाठी ओळखलं जातं, पण सुरुवातीला जवळच्या सॉ मिलमधून अर्धा-एक घनफूट घेतलं तरी पुरे. बिल घ्या आणि माल पासचा आहे का, ते विचारा. बांधावरचा साग आपलाच, म्हणून तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 नुसार परवानगी लागते. आणलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून सावलीत तीन-चार आठवडे ठेवा आणि मगच कापा.

हिशेब

पाय, पट्ट्या आणि पाट मिळून निव्वळ लाकूड साधारण 0.37 घनफूट. छाट धरून अर्धा घनफूट. खालचे दर उदाहरणासाठी आहेत, तुमच्या सॉ मिलचा दर त्या जागी टाका.

- लाकूड, 3,500 रुपये घनफूट दरानं: 1,750
- गोंद, पॉलिश पेपर, पॉलिश: 250
- 14 तास मजुरी, तासाला 100 रुपये: 1,400
- अवजारांची धार आणि झीज: 100
- एकूण: 3,500. नफा 20 टक्के धरला तर विक्री 4,200 रुपये.

स्वतःची मजुरी शून्य धरू नका. घरी बनवतो म्हणून मेहनत फुकट, असं म्हणणारा माणूस दोन वर्षांत दमतो. प्लायच्या स्वस्त चौरंगाशी भावात भांडू नका. गिऱ्हाइकाला सांधा दाखवा, पाट का हलतो ते समजवा, आणि एका उन्हाळ्याची हमी लिहून द्या. सांधा बरोबर असेल तर ही हमी तुम्हाला महाग पडत नाही.

तुम्ही आधीपासून हातानं सुतारकाम करत असाल, तर पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार हा 18 व्यवसायांपैकी एक आहे. नोंदणीनंतर अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते.

या आठवड्याचं काम

चौरंग लगेच नको. बाभळीच्या किंवा सागाच्या तुकड्यांवर आठ सांधे करा. प्रत्येकावर तारीख आणि लागलेला वेळ लिहा. मग आठही करवतीनं मधोमध चिरून आत किती फट राहिली ते बघा. आठव्या सांध्याला लागलेला वेळ गुणिले आठ, ही तुमच्या चौरंगाच्या सांध्यांची खरी मजुरी. ऑर्डर घेताना हाच आकडा धरा.