परसातील मत्स्यकुंड : जागा कोठे निवडाल?

परसात मासे पाळण्यासाठी लहानसे कुंड खणण्याची हौस बहुधा दिवाळीच्या सुटीत सुचते. परसाच्या दक्षिणेला भिंत असेल तर तिच्या पायथ्याशी तेव्हा छान सावली असते. मग तेथेच कुदळ पडते. मे महिन्यात मात्र त्या कुंडातले मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू-मिटू लागतात. असे का व्हावे?

बुलढाणा जिल्ह्यातील जानेफळ हे गाव सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे २२ डिसेंबरला माध्यान्ही सूर्य दक्षिण क्षितिजापासून सुमारे ४६½ अंश उंच असतो. ३ मीटर उंच भिंतीची सावली त्या वेळी उत्तरेला जवळजवळ ३ मीटर पडते. मेच्या २० तारखेच्या सुमारास तोच सूर्य डोक्यावर येतो आणि ती सावली पार नाहीशी होते. आता पश्चिमेकडची भिंत पाहा. मेमध्ये दुपारी अडीचला तिची सावली पूर्वेकडे दीड मीटरहून अधिक, तर साडेतीनला जवळजवळ ३ मीटर जाते. म्हणून कुंड भिंतीच्या पूर्वेस, तिच्यालगत असावे. सकाळचे ऊन पाणवनस्पतींना मिळते, दुपारचा ताप टळतो.

हा ताप माशांना का बाधतो? एक लिटर पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३५ अंशांना सुमारे ७ मिलिग्रॅमच. शिवाय उष्ण पाण्यात माशांची ऑक्सिजनची गरज वाढते. रात्री वनस्पतीही ऑक्सिजन घेतात, त्यामुळे पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते.

खोलीचेही गणित करून पाहा. एक चौरस मीटरवर प्रखर उन्हात सुमारे १ किलोवॅट ऊर्जा पडते. ती सर्व पाण्याने शोषली असे धरले, तर ३० सेंटीमीटर खोल पाणी तासाला सुमारे ३ अंशांनी तापेल, ९० सेंटीमीटर खोल पाणी जेमतेम १ अंशाने. उथळ कुंड म्हणजे चुलीवरचे पातेलेच! मात्र घरात लहान मूल असेल तर खोल कुंडावर मजबूत जाळी हवीच.

सावलीसाठी कडुनिंबाचा आधार घेण्याचा मोह होईल. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची पानगळ होते. पाने पाण्यात कुजतात आणि कुजताना ऑक्सिजन संपवतात. झाडापासून थोडे दूरच राहावे.

आता जमीन. मेहकर तालुक्याच्या या भागात काळी माती व तिच्याखाली मुरूम सर्रास आढळतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट केलेले सिमेंटचे अस्तर तडकते. मुरमातून तर पाणी झिरपते. जेथे मुरूम वरच लागतो तेथे पाया घट्ट मिळतो, अस्तर मात्र चांगले करावे लागते. माझी पसंती अशाच जागेला. गोठ्याच्या किंवा फवारणी होणाऱ्या शेताच्या उतारावर कुंड नको. पहिल्या पावसात तेथील सारी घाण आत येईल.

मेमध्ये मोकळ्या जागी रोज साधारण १ सेंटीमीटर पाणी उडून जाते, म्हणजे चौरस मीटरमागे १० लिटर. टंचाईच्या गावात ही एका कळशीची बाब आहे. यासाठीही पश्चिमेची भिंत बरी, कारण ती वारा अडवते.

जागा ठरवण्यापूर्वी मेच्या एखाद्या दिवशी परसात ठिकठिकाणी खडे मांडा आणि दर तासाला कोणता खडा सावलीत आहे ते वहीत टिपा. दुपारी दोननंतर जे खडे सावलीत राहतील, तेथे कुंडाची आखणी करा.