ई-रिक्षाची बॅटरी : किंमत आणि खर्च

2015 च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्याने ई-रिक्षांना मान्यता दिली. त्यांतील शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा संच स्वस्त असला तरी रोजच्या वापरात साधारणतः वर्षभरातच बदलावा लागतो. लिथियम लोह फॉस्फेट संचाची किंमत तिप्पट व आयुष्य पाचपट धरल्यास दर चार्जमागील खर्च तीन-पंचमांशच पडतो. निकेलयुक्त लिथियम बॅटरीच्या तुलनेत तो पेट घेण्याचा धोकाही कमी असतो. अर्थात, पेशींवर देखरेख ठेवणारी नियंत्रण यंत्रणा नसलेला संच स्वस्तातही घेऊ नये.

तरीही अनेक चालक शिसेच निवडतात. यास अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापाशी एकरकमी भांडवल नसते आणि सावकारी व्याज वरील बचत गिळून टाकते. येथे अनुदानापेक्षा स्वस्त, सुलभ पतपुरवठा अधिक उपयुक्त ठरेल.